कप्तानांचा अजिंक्य हंगाम

आमच्या ताईच्या नवऱ्याला सगळं घर कप्तान म्हणतं. बोटीशी त्यांचा काही संबंध नाही आणि पाण्याशीही जेमतेमच, कारण चार हाका मारल्याशिवाय ते आंघोळीला उठत नाहीत. ते कप्तान झाले ते कॉलेजच्या फुटबॉल संघाचे, तेही एका हंगामापुरते, आणि त्या हंगामाला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. पण काही पदांना माजी होणं माहीत नसतं. मंत्री माजी होतात, प्राचार्य माजी होतात, मी स्वतः सरकारी दवाखान्यातली माजी नर्स आहे. कप्तान मात्र अजून कप्तानच आहेत.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बरोबर वर त्या संघाचा फोटो आहे. पाहुण्याची खुर्ची अशी ठेवलेली की नजर उचलली तर फोटो दिसावा आणि खाली आणली तर टीव्हीशेजारचा पितळी कप. कपावर ‘अजिंक्य’ असं कोरलंय. पाहुणा विजेचा मीटर बघायला आलेला असो की मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला, त्याला तो हंगाम ऐकावाच लागतो. “त्या वर्षी आम्ही एकही सामना हरलो नाही,” कप्तान सांगतात. “आमच्यावर एकही गोल झाला नाही. समोर यायची कुणाची हिंमत नव्हती.” पाहुणा मान डोलावतो आणि चहा गार होतो.

मला त्या फोटोतली एक गोष्ट ताईच्या लग्नापासून खटकायची. हंगाम संपल्यावर काढलेला फोटो, आणि अकरा जणांच्या बावीस गुडघ्यांत एकही खरचटलेला नाही. बुटांना माती नाही. मी तेव्हा दवाखान्यात नवीनच लागले होते आणि खरचटलेलं मला लांबून ओळखू यायचं. वाटलं, फोटोसाठी मुलं स्वच्छ धुऊन आणली असतील.

उलगडा झाला तो जेवणाच्या पानावर. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, त्या संघाचा गोलकीपर ताईकडे जेवायला आला. त्याला सगळे भिंत म्हणायचे. आमचे वडीलही तिथं होते. वडिलांनी हा जावई त्या कपावर भाळूनच पसंत केला होता, त्यामुळे त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, “तुम्ही अडवलेला सगळ्यात अवघड चेंडू कुठला?”

भिंतीनं हातातला घास तसाच धरला आणि कप्तानांकडे पाहिलं. कप्तान मीठ शोधत होते.

“मला चेंडू आलाच नाही, काका,” भिंत म्हणाली.

“बचाव इतका पक्का होता?”

“बचाव कसला. समोर कुणी आलंच नाही.”

मग सगळा हंगाम बाहेर आला. पहिला सामना शेतकी कॉलेजशी होता, त्यांची परीक्षा अचानक अलीकडे आली. दुसरा मेडिकलशी, तर त्यांच्या अख्ख्या वसतिगृहाला कावीळ झाली. डॉक्टर होणाऱ्यांनीच पाणी उकळून प्यायचं टाळलं होतं. उपांत्य फेरीत समोरचा संघ बसनं निघाला, बूट मात्र दुसऱ्या बसच्या टपावर चढले आणि भलत्याच गावी पोचले. त्या पोरांनी अनवाणी खेळायची तयारी दाखवली, पण पंचांना ते नियमात बसवता येईना. आणि अंतिम सामन्याला इंजिनीअरिंगचा ट्रक वाटेत बंद पडला. चारही वेळा आमच्या कप्तानांच्या संघाला पुढे चाल मिळाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त या नागोबाला वर कपही मिळाला.

न खेळता जिंकायलाही त्या स्पर्धेत एक रीत होती. समोर कुणी नसलं तरी ठरलेली वेळ टळेपर्यंत थांबायचं, मग पंच शिट्टी वाजवणार, आणि कप्तानानं मधल्या रेषेवरून चेंडू काढून एकट्यानं पळत जाऊन रिकाम्या गोलात मारायचा. त्यावर पंचांनी हात वर करायचा आणि प्रेक्षक असतील तर त्यांनी टाळ्या वाजवायच्या.

तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात कुणी हा विषय काढायचा नाही.” तेव्हापासून आमच्या घरात कप्तानांना ‘तुम्ही गोल किती केले?’ असं कुणी विचारत नाही. नव्या सुना-जावयांना हे आधीच सांगून ठेवलं जातं.

खरी मौज पुढेच आहे. त्या हंगामाच्या जोरावर कप्तानांना वीज खात्यात खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागेवर नोकरी लागली. मुलाखतीत साहेबानं विचारलं, “तुमच्या संघानं गोल किती खाल्ले?” कप्तान म्हणाले, “एकही नाही, साहेब.” नेमणूक झाली. भिंतही अशीच एका बँकेत चिकटली. दरवर्षी खात्याखात्यांचे सामने जवळ आले की साहेब आशेनं कप्तानांकडे बघायचे आणि कप्तान माझ्याकडे बँडेज बांधून घ्यायला यायचे. त्यांच्या धडधाकट गुडघ्याला मी इतक्या वेळा बँडेज बांधलंय की तो गुडघा मला तोंडपाठ आहे. एका वर्षी डावा दुखावला, दुसऱ्या वर्षी चुकून उजवा. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, कारण दुखण्याबद्दल साहेबांना फक्त खर्च माहीत असतो.

शेवटी खात्यानं त्यांना संघाचा व्यवस्थापक करून टाकलं. मैदानाबाहेर खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायचं काम. ते त्यांना छान जमलं. बक्षीस समारंभात ते पोरांना सांगायचे, “घाम गाळा. घामाशिवाय काही मिळत नाही.” मी एकदा मागच्या रांगेत बसून हे ऐकलं. मला त्यांचा राग यायचा, हे सरळच सांगते. मी वॉर्डात उभ्या-उभ्या पाय सुजवले आणि माझी बढती माझ्या निवृत्तीच्या जेमतेम आधी पोचली. या माणसाला नोकरी, बायको, बढती, सगळीकडे पुढे चालच मिळत गेली. ताईला मी तसं म्हणालेही. ताई तो पितळी कप घासत होती. ती म्हणाली, “तुला काय वाटतं, त्यांना कळत नाही?” मी म्हटलं, कळत असतं तर इतकं बोलले नसते. ताई म्हणाली, “कळतं म्हणूनच बोलतात.” मला तेव्हा ते पटलं नाही.

यंदा कॉलेजला पन्नास वर्षं झाली. नवे प्राचार्य गुळगुळीत भांग पाडून कप्तानांच्या घरी आले आणि अर्थातच त्या खुर्चीत बसले. पन्नास वर्षांत कॉलेजनं जिंकलेला हा एकच कप. त्यामुळे प्राचार्यांना तो समारंभासाठी हवा होता, आणि कपाबरोबर कप्तानही.

“तुमच्या संघाचा सत्कार ठेवलाय,” प्राचार्य म्हणाले. “शिवाय एक कल्पना. त्या वेळचा इंजिनीअरिंगचा संघही बोलावतोय. अंतिम सामना पुन्हा खेळायचा. थोडाच वेळ. लोकांना मजा.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कप्तानांचा हात सवयीनं गुडघ्याकडे गेला. “माझा गुडघा,” एवढं ते म्हणाले आणि थांबले. मग हात उचलून त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

“खेळू,” ते म्हणाले.

ताईनं कपबशांचा ट्रे होता तिथंच खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात ताईनं मला बोलावून घेतलं. मागच्या अंगणात कप्तान भिंतीवर चेंडू मारत होते. म्हणजे विटांच्या भिंतीवर. शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या फुटलेल्या होत्या, तिसरीची लक्षणं ठीक दिसत नव्हती. मला बघून ते लंगडत आले, पायरीवर बसले आणि लेंगा वर केला. मी गुडघा दाबून पाहिला.

“भाऊजी, या वेळी खरंच सुजलाय.”

“माहितेय. म्हणून तर तुला बोलवायला सांगितलं.”

“मग नाही म्हणून कळवा. पहिल्यांदाच कारण खरं आहे, वाया कशाला घालवता?”

एरवी यावर ते हसले असते. “तुला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “तुझ्या ताईला माहितेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. अंतिम सामन्यात तो रिकाम्या गोलातला चेंडू... मी बाहेर मारला.”

मला आधी कळलंच नाही. “गोलात कुणी नव्हतं ना?”

“कुणी नव्हतं. तीन वेळा नीट मारला होता. त्या दिवशी पळत गेलो आणि कुठं मारायचा तेच सुचेना. सगळं मोकळं. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. आणि नेमका तेव्हा फाटकापाशी त्यांचा ट्रक येऊन उभा राहिलेला. सगळे ट्रकमधूनच बघत होते. हसले.”

“आणि कप?”

“कप दिला. शिट्टी वाजली की निकाल लागला, चेंडू ही नुसती रीत. मी घरी आलो, कपडे काढले, तर नुसते इस्त्रीचे. आईनं धुवायलाही टाकले नाहीत.” त्यांनी लेंगा आणखी वर सरकवला. “मला एकदा समोर कुणीतरी हवंय गं. अडवणारं. मग हरलो तरी चालेल, गुडघा गेला तरी चालेल. आता नाही झालं तर कधी होणार?”

इतकी वर्षं मी ज्या माणसावर चिडत आले, त्याच्याबद्दल मला वाईट वाटत होतं आणि ते लपवायला मी बँडेज काढलं. नेहमी दिसण्यापुरतं बांधायचे, या वेळी दवाखान्यात बांधतात तसं घट्ट बांधून दिलं.

समारंभाच्या दिवशी मैदानावर मंडप होता, टेबलावर कप होता, आणि ताई नि मी पहिल्या रांगेत प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. पंच म्हणून त्या वेळचेच शिट्टीसर आणले होते. कॉलेजचे जुने व्यायामशिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, पण शिट्टीची दोरी अजून गळ्यात. प्रमुख पाहुण्यांना आणखी एका उद्घाटनाला जायचं होतं, त्यामुळे ते आल्यापासून निघण्याच्या बेतातच बसले होते.

आमचे नऊ जण आले. पोटं आत घेतलेली, मोजे ताणून वर ओढलेले. भिंत गोलात जाऊन उभी राहिली. तिला आता पोपडे आले होते, पण उभी होती. वेळ झाली तरी इंजिनीअरिंगचा पत्ता नव्हता. वेळ टळली. मग फाटकातून पाच जण आले. पुढे त्यांचा कप्तान, आता इमारतींचा ठेकेदार, हातात काठी. न आलेल्यांपैकी दोघं मुलांकडे परदेशात, काही देवाघरी, आणि एकाच्या बायकोनं म्हणे बूटच लपवून ठेवले होते.

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, पाहुण्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी माइक घेतला. “समोरचा संघ अपुरा असल्यामुळे नियमानुसार आपल्या संघाला पुढे चाल. आपले कप्तान परंपरेप्रमाणे रिकाम्या गोलात चेंडू मारतील, लगेच पाहुण्यांच्या हस्ते कप, मग फोटो, मग चहा.”

टाळ्या झाल्या. मधल्या रेषेवर चेंडू ठेवला गेला. फोटोवाला पुढे जाऊन गुडघे टेकून बसला. ताईनं माझं मनगट इतकं आवळलं की मला तिचीच नाडी मोजता आली असती. समोर तोच गोल होता, रिकामा. या वेळी आत मारला की झालं. फोटो निघाला असता, फाटकातल्या ट्रकचं हसू कायमचं पुसलं असतं, आणि टीव्हीच्या वर फोटोची दुसरी चौकट लागली असती.

कप्तान चेंडूपाशी गेले. गोलाकडे बघत राहिले. मग वाकले आणि चेंडू हातात उचलला.

शिट्टीसरांनी ताबडतोब शिट्टी वाजवली. “हात लागला,” ते म्हणाले.

“लागू दे, सर,” कप्तान म्हणाले. “पुढे चाल नको. आम्हाला सामना द्या. माझे दोन गडी त्यांना देतो, सात-सात होतील.”

“असं नियमात बसत नाही,” प्राचार्य माइकमधूनच म्हणाले.

शिट्टीसरांनी चष्मा सारखा केला. “नियमात तेव्हा बसवलं होतं,” ते म्हणाले. “तेव्हा मी घाई केली. ट्रकची धूळ मला वळणावर दिसत होती. मलाही घरी जायचं होतं.” एवढं बोलून त्यांनी चेंडू मागून घेतला आणि स्वतः मधल्या रेषेवर ठेवला.

गडी देण्यावरून थोडी कुरकुर झाली. संघातला डावखुरा म्हणाला, “मी त्यांच्याकडून? कप आपला आहे.” कप्तान म्हणाले, “कप टेबलावर आहे, त्याला काही होत नाही. तू पलीकडे जा.” ठेकेदारानं काठी खांबाला टेकवून ठेवली आणि गोलात उभा राहिला. “कप्तान,” तो तिथूनच म्हणाला, “तुमचा चेंडू अडवायला गोलात कुणी लागत नाही, एवढं मला आठवतंय.” लोक हसले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण पाहुणे बसलेत म्हणजे हसावं एवढं ठाऊक होतं. कप्तानांचे कान लाल झाले.

सामन्याचं वर्णन करावं असं काही नाही. चेंडू बहुतेक वेळ एकटाच होता. जो त्याच्याकडे पळे तो पोचेपर्यंत दुसऱ्याला दम लागे, आणि दोघं उभे राहून एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करत. पाहुणे हळूच उठून गेले, त्यांच्यामागे प्राचार्य गेले, प्राचार्यांमागे निम्मा मंडप गेला. मग डावखुऱ्यानं, ज्याला पलीकडे जायचं नव्हतं त्यानंच, लांबून एक चेंडू हाणला. भिंतीच्या आयुष्यातला तो पहिला चेंडू. तिनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि तो तिच्या पायांमधून आत गेला.

आमच्यावर गोल झाला. भिंत मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. कप्तान मात्र हसले नाहीत. ते लंगडत मधल्या रेषेवर गेले आणि चेंडूची वाट बघत उभे राहिले.

शिट्टीसर घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा चेंडू कप्तानांकडे आला. समोर एक जण आला, तो पाठीत उसण भरून तिथंच थांबला. पुढे फक्त ठेकेदार. मी उभी राहिले होते, कधी उठले ते आठवत नाही. ताई बसूनच होती. तिनं डोळे मिटले नव्हते, ते मी पाहिलं. कप्तान पळत गेले, बँडेज बांधलेला पाय टेकवला आणि चेंडू मारला. खालून, कोपऱ्यात, खांबाच्या आत.

ठेकेदार पडला. म्हणजे त्यानं उडी मारली असं तो पुढे आयुष्यभर सांगेल, पण तो पडला, आणि लांबवलेल्या हाताच्या बोटांना चेंडू लागून बाहेर गेला. कप्तानही तोल जाऊन त्याच्यावर आदळले. शिट्टी झाली. एक शून्य.

मी पेटी घेऊन धावले. दोघं मातीत बसले होते आणि एकमेकांना उठवायच्या प्रयत्नात पुन्हा पुन्हा बसत होते. “तेव्हा आम्ही वेळेवर आलो असतो तर तोही अडवला असता,” ठेकेदार धापा टाकत म्हणाला. “तेव्हा बाहेरच गेला होता,” कप्तान म्हणाले, “अडवायचं काय त्यात?” आणि त्यांनीच कुणाला तरी सांगून टेबलावरचा कप मागवून ठेकेदाराच्या मांडीत ठेवला. कॉलेजचा एकुलता एक कप फाटकाबाहेर चालला हे प्राचार्यांना चहा पिऊन आल्यावर कळलं. ताई म्हणाली, “बरं झालं, घासायचा वाचला.”

मी कप्तानांचे दोन्ही गुडघे तपासले. सुजलेल्या गुडघ्याचं बँडेज जागेवर होतं. दुसरा गुडघा चांगला लांबलचक खरचटला होता, माती आणि रक्त. मी औषध लावलं.

“चरचरतंय?”

“हो,” ते म्हणाले, आणि तो गुडघा त्यांनी ताईला दाखवला.

घरी येताना गाडीत ते मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते, पाय ताईच्या मांडीवर. मग ते म्हणाले, “पाहिलंस? अडवला त्यानं.”

“पाहिलं,” ताई म्हणाली.

“कसा होता?”

ताईनं त्यांच्या मोज्यावरची माती झटकली. “अडवावा लागला,” ती म्हणाली, “म्हणजे चांगलाच होता.”